कुडाच्या भिंतीपासून सिमेंटच्या भिंतीपर्यंत : कोरपना परिसरातील घर, पाऊस आणि हक्क यांचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात किल्ले, राजवाडे आणि मंदिरे यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे सामान्य माणसाच्या घराला मिळाले नाही. त्यामागे एक व्यावहारिक अडचण आहे. दगडाची वास्तू शतकानुशतके उभी राहते व अभ्यासकाची वाट पाहते. माती आणि बांबू यांचे घर मात्र एका पिढीत उभे राहते आणि पुढच्या पिढीत मातीला मिळते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. चांद्याचा गोंडकालीन परकोट, बल्लारपूरचा किल्ला, नागवंशी माना राजांशी परंपरेने जोडला जाणारा माणिकगड यांविषयी बरेच लिहिले गेले. परंतु त्या किल्ल्यांच्या सावलीत राहणारी रयत कोणत्या भिंतींच्या आड पावसाळा काढीत होती, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

प्रस्तुत लेखात कोरपना तालुका केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. दमट आणि पावसाळी हवामानात घराच्या भिंतीसाठी व तिच्या बाह्य आवरणासाठी कोणते साहित्य टिकाऊ ठरते, हा वरवर पाहता स्थापत्याचा प्रश्न आहे. परंतु या भागाचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, भिंतीची निवड केवळ पाऊस व माती यांनी ठरत नाही. जमिनीवरील हक्क, जंगलातील बांबूवरील अधिकार आणि शासनाची 'पक्क्या' घराची व्याख्या या तीन गोष्टींनी ती तितकीच ठरत आली आहे. हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

पाऊस, माती आणि भिंत

कोरपना तालुका चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस आहे. त्याच्या एका बाजूस पैनगंगा नदी असून पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो. दक्षिणेकडे माणिकगडच्या डोंगररांगा व त्यांपलीकडे तेलंगणातील जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा प्रदेश आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पूर्वेस गडचिरोलीकडे जाताना हे प्रमाण वाढत जाते. हा पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्याआधीच्या मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. म्हणजे येथील भिंतीला दोन परस्परविरोधी परीक्षा द्याव्या लागतात. उन्हाळ्यात तिने उष्णता थोपवायची आणि लगेच पुढे चार महिने ओल सोसायची.

पावसाचे पाणी भिंतीला तीन वाटांनी गाठते. पहिली वाट वाऱ्याबरोबर येणाऱ्या सडाक्याची. याला आपण झड लागणे म्हणतो. दुसरी वाट जमिनीवर आपटून उडणाऱ्या शिंतोड्यांची. भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग प्रथम झिजतो तो यामुळे. तिसरी वाट पायातून वर चढणाऱ्या ओलीची. या तिन्हींवर पारंपरिक घराने उत्तरे शोधलेली होती. झडीसाठी खाली उतरलेली वळचण, शिंतोड्यांसाठी उंच जोते आणि ओलीसाठी श्वास घेऊ शकणारी, म्हणजे शोषलेले पाणी उन्हाची तिरीप मिळताच परत सोडणारी, मातीची भिंत.

मातीची निवडही विचारपूर्वक होत असे. 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द मराठी मुलखात शेतजमीन व गावठाण या अर्थांनी वापरले जातात. या शब्दजोडीत घरबांधणीचे शहाणपण साठवलेले आहे. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पिकाला ती उत्तम, भिंतीला घातक. म्हणून भिंतीसाठी पांढरी माती, मुरमाड माती किंवा जुन्या पडक्या घराची माती शोधली जाई. कोरपन्याच्या सपाट भागात काळी माती विपुल आहे, त्यामुळे हा विवेक येथे अधिकच आवश्यक होता. आज सिमेंटची घरे बांधताना पायाच्या बाबतीत याच काळ्या मातीचा विसर पडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा पडलेल्या दिसतात.

कुडाच्या भिंतीची रचना

कुडाची भिंत म्हणजे उभ्या लाकडी मेढींच्या दरम्यान बांबूच्या कामट्या किंवा काटक्या विणून, त्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि तणस यांचा गारा लिंपून केलेली भिंत. गोंड, कोलाम, परधान यांच्या वस्त्यांत आणि गडचिरोलीच्या भामरागड-एटापल्ली भागातील माडिया गावांत तिची निरनिराळी रूपे आढळतात. कोठे बांबूचे तट्टे उभे करून त्यांवर लिंपण करतात, कोठे लाकडी खुंट शेजारी शेजारी पुरतात, तर कोठे धान्य साठविण्याच्या जागेची भिंत हवा खेळावी म्हणून न लिंपता ठेवतात. घराचा भार भिंतीवर नसून मेढींवर असतो. मेढीसाठी सागासारखे वाळवीला दाद न देणारे लाकूड निवडले जाते. त्यामुळे भिंत झिजली तरी छप्पर उभे राहते आणि भिंत तेवढी नव्याने विणता येते. टिकाऊ सांगाडा आणि बदलता येणारे आवरण ही विभागणी या घराचे खरे तंत्र होय.

जगाच्या इतर पावसाळी प्रदेशांतही हेच तत्त्व दिसते. युरोपातील जुन्या लाकडी चौकटीच्या घरांत विणलेल्या फांद्यांवर मातीचे लिंपण असे. आसामात १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर रूढ झालेल्या घरांत लाकडी चौकटीत इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या भिंती बसवून त्यांवर गिलावा केला जाई. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाची सोय असल्याने भिंत दगडाची झाली, पण वळचण तेथेही खोलच राहिली. तेव्हा कुडाची भिंत ही केवळ दारिद्र्याची खूण नसून एका मोठ्या बांधकाम-परंपरेची स्थानिक शाखा आहे.

या भिंतीचे उणेही स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. बांबूतील पिष्टमय अंशामुळे त्याला भुंगा लागतो व त्याचे पीठ पाडतो. म्हणून पावसाळ्यात, कोंभ वाढत असताना, बांबू तोडू नये. परिपक्व बांबू हिवाळ्यात तोडावा व काही दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, ही पद्धत पडली. जमिनीला टेकलेला कूड वाळवी खाते. आग लागली तर अशी वस्ती वाचविणे कठीण. आणि दरवर्षीची देखभाल चुकली, तर भिंत पुढचा पावसाळा पाहत नाही.

ही देखभाल कोणाच्या श्रमांवर चालत होती, हेही पाहिले पाहिजे. मृग लागण्यापूर्वी छप्पर शाकारणे हे पुरुषांचे काम. माती आणणे, भिजविणे, तुडविणे, लिंपणे, आणि पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आधी पुन्हा सारवणे व पोतेरा देणे हे बहुतांशी स्त्रियांचे काम. कुडाच्या भिंतीला पैसा लागत नाही असे म्हटले जाते, तेव्हा स्त्रियांच्या या श्रमांची किंमत शून्य धरलेली असते. आज अनेक आदिवासी स्त्रिया सिमेंटच्या भिंतीची मागणी करतात त्यामागे हे कारण आहे, आणि परंपरेचे कौतुक करणाऱ्या अभ्यासकाने ते नजरेआड करता कामा नये.

दोन राजवटी आणि एक जंगल

कोरपना परिसराचा राजकीय इतिहास चंद्रपूरच्या उर्वरित भागापेक्षा वेगळा आहे. वर्धा नदीच्या पूर्वेकडील चांदा जिल्हा १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे आला व पुढे मध्य प्रांतात राहिला. आजचे राजुरा, कोरपना आणि जिवती हे तालुके मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा तालुका मराठवाड्याबरोबर, नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. कोरपना व जिवती हे स्वतंत्र तालुके त्यातून पुढे निर्माण झाले.

या फरकाचा भिंतीशी संबंध आहे. मध्य प्रांतात 'निस्तार' या नावाने गावकऱ्यांना घरगुती गरजेपुरते लाकूड, बांबू व गवत जंगलातून मिळण्याची तरतूद होती. ती अपुरी होती, तिच्यावर बंधने होती, पण तिला नाव आणि नोंद होती. संस्थानी मुलखात जंगले राखीव करण्याची मोहीम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीव्र झाली, तेव्हा डोंगरातील गोंड व कोलाम यांच्याकडे जमिनीचे कागद बहुधा नव्हते. राखीव जंगलाच्या सीमेत आलेल्या वस्त्या हटविल्या गेल्या. याच असंतोषातून आसिफाबादच्या डोंगरांत कुमरम भीम यांचे बंड उभे राहिले आणि १९४० मध्ये जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. त्यांच्या शिफारशींवरून आदिलाबादमधील गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे देण्यास प्रारंभ झाला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

ज्या कुटुंबाला आपण या जागेवर पुढच्या वर्षी असू की नाही याची शाश्वती नाही, ते दगडाची भिंत घालील कशासाठी? हलकी, उकलून नेता येणारी, चार दिवसांत पुन्हा उभी करता येणारी भिंत हीच त्या परिस्थितीत शहाणपणाची निवड होती. कोलामांच्या पोडांची किंवा गुड्यांची वस्ती 'फिरती' असल्याचा उल्लेख अनेकदा स्वभावविशेष म्हणून केला जातो. फिरत्या शेतीचा त्यात वाटा होता, हे खरेच. पण बेदखलीच्या भीतीचाही वाटा होता. टिकाऊ भिंत ही टिकाऊ हक्काच्या मागोमाग येते, हे सूत्र येथे स्पष्ट होते.

सेवाग्रामचा प्रयोग

याच सुमारास शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मातीच्या भिंतीला वेगळा अर्थ प्राप्त झाला. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव येथे, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहण्यास आले. घर स्थानिक साहित्याचे, स्थानिक कारागिरांनी बांधलेले आणि अगदी कमी खर्चाचे असावे, अशी त्यांची अट होती. आदिनिवास व मीराबहेन यांनी उभारलेली, पुढे बापूकुटी म्हणून ओळखली गेलेली कुटी या वास्तू माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या आहेत. पावसाळ्यात या मातीच्या भिंतींवर बाहेरून शिंदीच्या पानांचे आवरण बांधण्याची रीत तेथे पाळली जाते. पाऊस संपला की आवरण काढायचे आणि भिंतीला ऊन द्यायचे. मूळ भिंत वाचविण्यासाठी दरवर्षी बदलता येणारे स्वस्त कवच वापरण्याचा हा नमुना होय.

बापूकुटी आजही उभी आहे. यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, मातीची भिंत विदर्भाच्या पावसात आठ दशकांहून अधिक काळ टिकू शकते. दोन, ती आपोआप टिकत नाही. तिच्या मागे संस्था, मनुष्यबळ आणि श्रद्धा उभी आहे. डोंगरातील कोलाम कुटुंबाच्या मागे यांपैकी काय उभे होते, हा प्रश्न मग अपरिहार्य ठरतो.

बांबू कोणाचा?

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने 'वृक्ष' या संज्ञेत बांबूचा समावेश केला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो वृक्ष ठरला आणि त्याची तोड व वाहतूक वनखात्याच्या परवानगीवर अवलंबून राहिली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीचे उत्पादन वाढत गेले, तसा शासकीय करारांद्वारे जिल्ह्यातील बांबू मोठ्या प्रमाणावर गिरणीकडे जाऊ लागला. गावकऱ्याला कुडासाठी लागणारा बांबू आणि बुरुडाला तट्ट्यासाठी लागणारा बांबू यांची स्पर्धा आता कारखान्याशी होती. कुडाच्या भिंतीचा ऱ्हास सांगताना केवळ 'आधुनिकतेची ओढ' असे कारण देणे म्हणूनच अपुरे आहे. कच्चा माल हातातून गेल्यावर कारागिरी टिकत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्थान दिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला. म्हणजे भिंतीसाठी बांबू कायदेशीररीत्या सहज मिळण्याची वाट खुली झाली, तेव्हा भिंत विणणारी पिढी बरीचशी मागे पडलेली होती.

सिमेंटचा तालुका

कोरपना परिसराच्या भूगर्भात चुनखडीचे विस्तीर्ण साठे आहेत. १९८३ मध्ये आवारपूर येथे लार्सन अँड टुब्रोचा सिमेंट कारखाना सुरू झाला. पुढे तो अल्ट्राटेक या नावाखाली गेला. गडचांदूर येथे १९८५ च्या सुमारास माणिकगड सिमेंट उभे राहिले. उपरवाही आणि नारंडा येथेही कारखाने झाले. ज्या भूमीत चार दशकांपूर्वी माती आणि बांबू हेच बांधकामाचे मुख्य साहित्य होते, तेथून सिमेंटच्या गोण्या देशभर जाऊ लागल्या.

याबरोबर चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत केंद्रातून निघणारी राख हेही बांधकामाचे साहित्य झाले. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या परिघातील वीटभट्ट्यांना राखेचा वापर बंधनकारक केला. राखेच्या विटा त्यानंतर अधिक प्रचारात आल्या. चांगल्या प्रतीची अशी वीट एकसारख्या आकाराची असते व तिच्यासाठी सुपीक माती खणावी लागत नाही. मात्र कच्ची राहिलेली वीट पाणी शोषते आणि बाहेरून गिलावा नसल्यास भिंतीत ओल उतरते.

'कच्चे' आणि 'पक्के'

३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली. त्यातील बहुसंख्य मृत्यू मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी कोसळल्यामुळे झाले. या आपत्तीनंतर महाराष्ट्रात मातीच्या बांधकामाविषयी सार्वत्रिक अविश्वास निर्माण झाला. वास्तविक जड दगड-मातीची भिंत आणि हलका, लवचीक कूड यांचे भूकंपातील वर्तन अगदी भिन्न असते. परंतु लोकमानसात दोन्ही 'कच्ची' ठरली.

शासकीय गणनेनेही हाच शिक्का पक्का केला. २०११ च्या जनगणनेत भिंतीच्या साहित्याचे वर्ग गवत-बांबू, प्लास्टिक, माती किंवा कच्ची वीट, लाकूड, दगड, पत्रा, भाजलेली वीट व काँक्रीट असे होते. बांबूवर मातीचे लिंपण असलेल्या भिंतीला यात स्वतःची जागा नाही. ती गवत-बांबूत धरावी की मातीत, हे प्रगणकावर सोपविले जाते. ज्या तंत्राला गणनेत नाव नाही, त्याला योजनेत निधी मिळणे कठीण.

१९८५-८६ पासूनची इंदिरा आवास योजना, राज्याची शबरी घरकुल योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांतून हजारो कुटुंबांना घरे मिळाली, हे मोठे काम होय. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार व डोंगराळ, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये साहाय्य ठरले. कोलाम, कातकरी व माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित जमातींसाठी २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन अभियानात ही रक्कम २ लाख रुपये ठरली. परंतु मर्यादित रकमेत घर पूर्ण करताना पहिली कात्री लागते ती वळचण, जोते आणि बाहेरचा गिलावा यांना. नेमक्या त्याच तीन गोष्टी पावसापासून भिंतीचे रक्षण करतात. त्यामुळे कागदावर पक्के असलेले घर आतून ओले राहते आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली तापते. अशा घरासमोर किंवा मागे कुटुंबाने पुन्हा कुडाची एक छपरी उभी केलेली आढळते, तेव्हा ती भिंत सरकारी घराविषयीचा अभिप्रायच देत असते.

काय टिकते?

या ऐतिहासिक अनुभवातून आजच्या बांधकामासाठी काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. साहित्य कोणतेही असो, दोन-तीन फूट पुढे आलेली वळचण आणि उंच दगडी जोते यांना पर्याय नाही. मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविणे घातक आहे. आतली ओल अडकते व गिलावा खपल्यांनी सुटतो. तेथे मातीचे किंवा चुन्याचे लिंपणच योग्य. काळ्या मातीत पाया पुरेसा खोल नेणे आवश्यक आहे. बांबू वापरावयाचा असल्यास तो परिपक्व, योग्य ऋतूत तोडलेला, टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणाने संस्कारित आणि जमिनीपासून वर उचललेला असावा. आगीचा धोका मात्र कमी लेखता येत नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ मध्ये स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे २०२२ मधील आगीत मोठे नुकसान झाले, ही घटना सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. अवघे घर बांबूचे करण्यापेक्षा विटेचे जोते व खालची भिंत, वर कूड, आणि झडीच्या बाजूस बदलता येणारे तट्टे अशी मिश्र रचना या भागास अधिक अनुरूप वाटते.

समारोप

कोरपना परिसरातील भिंतीचा इतिहास हा साहित्याच्या प्रगतीचा सरळ रेषेतील इतिहास नाही. राखीव जंगल, बेदखली, बांबूचे करार, सिमेंटचे कारखाने, जनगणनेचे रकाने आणि घरकुलाचे अनुदान यांनी तो घडविला आहे. जुनी भिंत श्रमावर टिकत होती, नवी पैशावर टिकते. आणि दोन्हींच्या मुळाशी जागेचा व जंगलाचा हक्क आहे. घरकुल योजनेत प्रदेशानुरूप बांधकामाला मान्यता द्यावयाची असेल, तर कूड विणणाऱ्या हातांचे ज्ञान प्रथम नोंदविले गेले पाहिजे. ते ज्ञान आज साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांकडे आहे. या भागातील महाविद्यालयांनी इतिहास, समाजशास्त्र व भूगोल या विभागांच्या विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील भिंतींची, त्यांच्या साहित्याची आणि कारागिरांच्या शब्दांची नोंद करून घेतली, तर ते कार्य कोणत्याही किल्ल्याच्या सर्वेक्षणाइतकेच मोलाचे ठरेल. किल्ल्यांचे दगड आणखी काही शतके वाट पाहू शकतील. कुडाच्या भिंतीजवळ तेवढा अवधी नाही.